तात्या आणि मंद दिसणारे तारे

आमच्या शेजारच्या गांगुर्डे तात्यांना लग्नाचं आमंत्रण द्यायचं म्हणजे धाडसच. आहेराचं पाकीट हातात ठेवता ठेवता ते नवऱ्या मुलाला विचारत, "विश्व पसरतंय ते ठीक. पण त्याचा जोर वाढतोय कशानं, सांगा!" मुलगा घामाघूम. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे.

तात्या मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला येऊन एकटेच राहू लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पेपरात वाचलं, की एका जातीचे तारे फुटतात तेव्हा साधारण सारख्याच तेजानं झळकतात. त्यातले फार लांबचे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले. म्हणजे ते आणखी लांब गेलेत, विश्वाचं पसरणं वेग घेतंय.

पेपर घेऊन तात्या थेट आमच्या स्वयंपाकघरात. "बाई, दिवा तोच, पण मंद दिसला की समजायचं लांब हाय. हे तर आम्ही मनमाडला रोज बघायचो!"

मला पटावं म्हणून त्यांनी संध्याकाळी माझ्या नवऱ्याला कंदील देऊन गल्लीत उभं केलं. "अजून मागं! अजून!" मागं सरता सरता हे भाजीच्या हातगाडीवर आदळले. भाजीवाली कडाडली, "तात्या, तुमचं विश्व पळू द्या, आधी माझी मेथी उचला!"

पुढे पुण्यात या विषयावर व्याख्यान होतं. मध्येच इंग्रजी आलं तर असावी म्हणून तात्यांनी मला सोबत नेलं. शेवटी इस्त्रीचा सदरा सावरत ते उभे राहिले. "साहेब, हे ढकलतंय कोण?"

वक्ते म्हणाले, "आम्ही त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतो. पण खरं सांगू? ती काय आहे, माहीत नाही. आणखी तारे बघतोय. ती काय नाही, एवढंच हळूहळू कळतंय."

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले. सिन्नर मागं पडल्यावर म्हणाले, "एवढा मोठा माणूस, भर सभेत माहीत नाही म्हणाला."

"निराश झालात का?"

"नाय हो. लय बरं वाटलं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आमची मंडळी दवाखान्यात होती, तेव्हा मी रोज डॉक्टरांना विचारायचो. सगळे म्हणायचे, बरी होईल. एकानं जरी माहीत नाही म्हटलं असतं, तर तिच्या शेवटच्या दिवशी मी ड्यूटीवर गेलो नसतो."