चपळ ट्रान्झिस्टरची जोडी

सासऱ्यांच्या अॅम्प्लिफायरची डावी बाजू मुकी झाली, तेव्हा नोबुताका ओगुशी चहाचा घोट घेत एवढंच म्हणाला, "मी बघतो." या एवढ्याशा बोलण्यापायी आख्ख्या आळीची सकाळची कवायत बंद पडेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. फुमिएच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मनात मात्र पाल चुकचुकली. पण ती गप्प बसली. (नवरा निवृत्त झाला की बायकोला बरंच काही गप्प बसून सोसावं लागतं, ओसाकात काय नि आणखी कुठे काय.)

नोबुताका घरजावई. लग्नात त्याने बायकोचं आडनाव घेतलं, सासऱ्यांच्या घरी राहायला आला, आणि स्वतःचे केस पांढरे होईतो तोकुझो ओगुशींनी त्याला त्या अॅम्प्लिफायरवरची धूळसुद्धा पुसू दिली नव्हती. तो त्यांनी तरुणपणी घेतलेला, लाकडी पेटीतला, उचलायचा म्हटलं तर आधी देवाचं नाव घ्यावं असा जड. म्हातारा पहाटे उठून तो चालू करायचा, तापू द्यायचा, आणि न्याहारी झाली की रेकॉर्ड लावायचा. रेकॉर्ड नेहमी सासूबाईंच्या आवडीची. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची बैठकीची उशी अजून शेजारी मांडलेली असायची.

डावी बाजू गेली आणि म्हाताऱ्याने रेकॉर्ड लावणंच सोडलं. अर्धी ऐकण्यापेक्षा नको, म्हणाला. जेवणही अर्ध्यावर आलं. त्यात कोबेहून पुतण्याचा, मासानोरीचा फोन. वसंतातल्या पितरांच्या दिवसांत सगळं गोत कबरीवर जाऊन मग ओगुशींकडे जेवायला जमायचं. तेव्हा येतोच आहे तर अॅम्प्लिफायर घेऊन जातो, दुरुस्त करून आणतो, असं तो म्हणाला. या मासानोरीने पूर्वी काकांचा कॅमेरा दुरुस्तीला नेला होता. तो अजून दुरुस्त होतोय. तोकुझो फोनवर नुसते "बघू" म्हणाले, पण आवाज अगदी थकलेला होता. अॅम्प्लिफायर त्या घरातून गेला तर म्हाताऱ्याची सकाळही जाणार, हे नोबुताकाला कळत होतं. शिवाय, खोटं कशाला बोला, सासऱ्यांनी एकदा तरी आपल्याला शाबासकी द्यावी असं त्याला लग्नापासून वाटत होतं.

नोबुताकाची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात झाली. वीज आणि पाणी यांचं सख्य सर्वांना माहीत आहेच. पण शाळेत असताना त्याने एक रेडिओ बनवला होता (तो वाजला नव्हता, पण बनवला होता), त्या बळावर त्याने पेटी उघडली. आवाजाला बळ देणारे ट्रान्झिस्टर जोडीने बसवलेले असतात, त्यातली डाव्या बाजूची जोडी जळाली होती. तसले आता कुणी बनवत नाही. म्हणून तो निप्पोनबाशीला, विजेच्या जुन्या-नव्या सामानाच्या बाजारात गेला.

तिथल्या दुकानदारीणबाईंनी दोन प्रकार समोर ठेवले. एक जुन्याच जातीची जोडी, कुणाच्या तरी मोडक्या अॅम्प्लिफायरमधून काढलेली, रंग उडालेली. दुसरी कोरी, चकचकीत, ताकदीने जास्त आणि वेगाने तर कितीतरी पट. बाईंनी विचारलं, "मूळच्याचा वेग किती होता?"

नोबुताकाला ते ठाऊक नव्हतं. पण मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यामुळे तो जाणकारासारखी मान हलवून म्हणाला, "हो, तो प्रश्न आहेच." आणि कोरी जोडी घेतली. त्याचा हिशेब सरळ होता. पाणीखात्यात एका रेंगाळणाऱ्या कारकुनाच्या जागी चलाख पोरगी आली होती, तर सगळ्या फायली भराभर हलल्या होत्या. मंद गेला, चपळ आला, तर नुकसान कसलं?

आणि खरोखरच वाजला की अॅम्प्लिफायर. तोकुझोंनी रेकॉर्ड लावली, डोळे मिटून पहिली बाजू संपेपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "हं." नोबुताका त्या "हं"वर दिवसभर तरंगत होता. म्हाताऱ्याने सासूबाईंची उशी झटकून पुन्हा मांडली आणि त्या दिवशी भाताचा दुसरा वाडगा मागितला. फुमिएने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

एकच वेगळेपणा होता. पेटी आता रेकॉर्ड न लावताही चांगली तापायची. म्हाताऱ्याला ते भारी आवडलं. तरुणपणीसारखी ऊब आली हिच्यात, असं म्हणून तो पहाटे तिच्यावर हात शेकायचा, मोजे वाळत घालायचा. नोबुताकालाही वाटलं, तब्येत सुधारल्याचंच लक्षण आहे.

आता, ओगुशींच्या घरासमोर एक छोटी बाग आहे. तिथे रोज सकाळी साडेसहाला आळीतली म्हातारी मंडळी जमतात, आणि रेडिओवर कवायतीचा कार्यक्रम लागतो त्याच्या तालावर हातपाय हलवतात. त्यांच्या पुढारी नोनोमुराबाई. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे बागेतली कबुतरंसुद्धा त्यांना वचकून असत. त्या आठवड्यात त्यांचा रेडिओ बिघडला. पियानोऐवजी नुसती शिट्टी, घरघर, पुन्हा शिट्टी. मंडळी दोन्ही हात वर करून पुढच्या सूचनेची वाट बघत ताटकळायची आणि खांदे भरून यायचे. बाईंनी नवा रेडिओ आणला. त्यातही तेच. मग ठरलं की आळीतलंच कुठलं तरी यंत्र खोडी काढतंय. शोधायचं कुणी? अर्थात ओगुशींच्या जावयाने. इतका अवघड अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस घरात असताना बाहेरचा कशाला? (ही बातमी आळीभर कुणी केली होती, ते सांगायला नको.)

नोबुताकाला आभाळ ठेंगणं झालं. छोटा रेडिओ कानाला लावून तो दारोदार फिरला. पाण्याची गळती शोधण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कान लावण्याची सवय होतीच. पहिला संशय हिरोसेंच्या पाठ चेपणाऱ्या खुर्चीवर घेतला. बिचाऱ्या हिरोसेंनी ती बंद ठेवली आणि वाकडे चालू लागले. मग कुणाचा भाताचा कुकर बंद, कुणाची विजेची दुलई बंद. रेडिओची शिट्टी काही थांबेना. लोक गारठ्यात कुडकुडत होते, पण नोबुताका सापडेल, सापडेल म्हणत होता.

शेवटी नोनोमुराबाईंनीच सांगितलं की संशय पुरे, आता जिथे शिट्टी वाढेल तिकडे चला. ऐन कवायतीच्या वेळी आळीच्या पार दुसऱ्या टोकापासून वरात निघाली. पुढे मान खाली घालून, रेडिओला कान लावलेला नोबुताका, मागे सगळी मंडळी. पोस्टाच्या पेटीपाशी शिट्टी मोठी झाली. वळणावर आणखी मोठी. एका फाटकापाशी तर रेडिओ कर्कश किंचाळायलाच लागला. नोबुताकाने विजयाने मागे वळून हात उंचावला. मंडळी त्याच्याकडे बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे फाटकावरच्या पाटीवर होते. पाटीवर "ओगुशी" लिहिलेलं होतं.

आत तोकुझो अॅम्प्लिफायरवर हात शेकत बसले होते. नोबुताकाने कळ बंद केली आणि दाराबाहेरच्या रेडिओतून स्वच्छ, सुरेल पियानो ऐकू आला. मंडळींनी सवयीने तिथल्या तिथे हात वर केले.

पुढचा दिवस मिठाईचे खोके घेऊन घरोघरी वाकून माफी मागण्यात गेला. हिरोसेंपुढे वाकताना नोबुताकाचीच पाठ धरली. घरी आला तर तोकुझो भिंतीकडे तोंड करून बसलेले. मासानोरीला फोन लाव, असं फुमिएला म्हणाले, घेऊन जाऊ दे त्याला.

तेव्हा फुमिएने तोंड उघडलं. "अहो, पहिले होते तसलेच का नाही आणलेत?"

"ते मंद होते गं."

"मंद होते तरी इतकी वर्षं वाजत होतंच ना?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निप्पोनबाशीला निघाला. आपण कमी वेगाचा ट्रान्झिस्टर विकत घ्यायला चाललोय हे त्याला गाडीत बसूनसुद्धा पटत नव्हतं. पण दुकानदारीणबाईंच्या खणात ती रंग उडालेली जोडी अजून होती. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती ती पुडीत बांधली. हे त्याला जास्त लागलं.

पितरांच्या दिवशी गोत जमलं. मासानोरी मोठी चादर आणि दोरी घेऊनच आला होता. जेवणं झाली, बोतामोचीचे गोड लाडू झाले, आणि त्याने पेटीकडे हात केला. तोकुझोंनी त्याचा हात बाजूला सारला, रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजू भरून वाजल्या. समोरच्या बागेत नोनोमुराबाई मुद्दाम रेडिओ लावून बसल्या होत्या, त्यांनी काठी उंचावून सगळं ठीक असल्याची खूण केली. मासानोरी चादर घडी करू लागला.

"आमच्या घरच्या माणसाने केलाय तो," तोकुझो म्हणाले. रेकॉर्ड संपल्यावर म्हाताऱ्याने त्याला जवळ बसवून विचारलं, की ते चकचकीत नवे का चालले नाहीत. नोबुताकाने समजावून सांगितलं: या अॅम्प्लिफायरची सगळी मांडणी सावकाश चालणाऱ्यांच्या हिशेबाने केलेली. त्यात चपळ आणून बसवला, की तो इतरांना जुमानत नाही, आपल्याच नादात धावत सुटतो, फक्त रेडिओला ऐकू येणारी शिट्टी घालत बसतो, स्वतः तापतो आणि शेजाऱ्यांनाही ताप देतो.

तोकुझोंनी मान डोलावली. मग म्हणाले, "फुमिएला दोन स्थळं आली होती. दुसरा मुलगा फार हुशार होता, बँकेतला, चुणचुणीत. मी म्हटलं, नको, आमच्या घराला तुम्हीच चालाल."

लग्नापासून वाट पाहिलेली शाबासकी शेवटी मिळाली. नोबुताका त्या आनंदात दुसऱ्या दिवशी बागेत गेला आणि भर कवायतीत, दोन्ही हात वर करून, नोनोमुराबाईंना सासऱ्यांचं वाक्य शब्दन्‌शब्द सांगायला लागला. "चुणचुणीत"पर्यंत पोचल्यावर आपण काय सांगतोय ते त्याच्या ध्यानात आलं. पण तोवर हिरोसे पाठ धरून हसत खाली बसले होते.