बिनलॅव्हेंडरची बरणी

तुमच्या घरात लॅव्हेंडरचा वास येत नाही अशी एक तरी वस्तू आहे का? आमच्याकडे शोधावी लागेल. माझा नवरा नेद्याल्को कार्लोव्हो गावाजवळच्या भट्टीवर लॅव्हेंडरचं तेल काढतो. त्यामुळे डोकेदुखीपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळ्यावर आमचा एकच उपाय.

पण ते मलमात घालायची कल्पना माझी! अक्रोडाचं तेल, मेण आणि झेंडूच्या पाकळ्या घालून मी केलेलं मलम उन्हाळ्यात खवट व्हायचं. लॅव्हेंडर घातलं आणि ते टिकायला लागलं. याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. (हा शब्द मी भांडी घासता घासता पाठ केला.) प्लोव्दिव शहरातल्या दुकानवाल्या रुम्यानाबाई म्हणाल्या, "पुरावा दाखवा, दुकानात ठेवते."

म्हणून मी खिडकीत दोन बरण्या ठेवल्या. एकीत लॅव्हेंडर, दुसरीत नाही. कुणीही हात लावायचा नाही, असं बजावलं. पातेल्याच्या तळाशी उरलेलं बिनलॅव्हेंडरचं मलम नेद्याल्कोनं बुटांना लावायला डब्यात भरून घेतलं.

उन्हाळा सरल्यावर रुम्यानाबाई आल्या. मी ठेवणीतला झगा घातला होता. त्यांनी पहिली बरणी हुंगली. "वा!" मग दुसरी. "वा!"

माझा चेहरा पडला.

"ही बिनलॅव्हेंडरची ना? मग तुमच्या तेलानं केलं काय?"

मी हुंगलं. लॅव्हेंडर!

"नेद्याल्को!"

"मला वाटलं तू विसरलीस. पहिल्याच दिवशी चार थेंब टाकले. आपल्या घरचं मलम, आणि बिनवासाचं? लोक काय म्हणतील?"

"चारच?" सासूबाई आतून ओरडल्या. "मग बाकीचे माझे! सूनबाईची परीक्षा, म्हटलं बरणी नापास व्हायला नको."

"अहो आई, त्या बरणीनं नापासच व्हायचं होतं!"

रुम्यानाबाईंनी पर्स उचलली. तेवढ्यात मला बुटांचा डबा आठवला. धावत जाऊन आणला, झाकण काढलं. कुत्रा उठून अंगणात गेला. रुम्यानाबाई भिंतीला टेकल्या.

"बंद करा! पटलं, पटलं!"

घाण वासाचा इतका अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता.

जाताना त्यांनी दुसरी बरणी पर्समध्ये टाकली. "लावून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की मलम दुकानात ठेवते, पण अगदी त्या दुसऱ्या बरणीसारखंच हवं. सासूबाईंनी किती थेंब टाकले होते, ते त्यांनाही आठवेना. मग नेद्याल्को आणि त्या अंदाजानं थेंब टाकायला बसले आणि मी बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या.