कुसाबाईच्या वेलीबाबत

माझी बायको कुसाबाई एक्याऐंशीच्या फाल्गुनात वारली. दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की तो शिवत नाही. आम्ही लेकीचं नाव घेतलं, घराचं नाव घेतलं, काही नाही. शेवटी मी म्हणालो, "तू दाराशी लावलेल्या द्राक्षाच्या वेलीचा पहिला घड वर्षश्राद्धाला तुझ्या पानावर ठेवीन." कावळा लगेच आला. कावळ्याला तोंडी आश्वासन चालतं. सरकारी कार्यालयाला चालत नाही, हे मला पुढे कळलं.

वेलीला नुसती पानं होती. शेजारचा देवराम ओझरच्या कारखान्यात जातो. तो म्हणाला, "मल्हारराव, गंगापूर रोडला वनस्पती वाढ नियमन कार्यालय उघडलंय. झाडाच्या हार्मोनचं तिथं बघतात. एक अर्ज टाकून या."

"अर्जानं द्राक्षं येतात?"

"अर्जानं सिमेंट येतं, मग द्राक्षं का नाही येणार?"

कार्यालयातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली. शिकलेले होते. म्हणाले, "वेलीचा शेंडा एक रस तयार करतो. तो खाली उतरतो आणि खालच्या डोळ्यांना सांगतो, तुम्ही फुटायचं नाही. शेंडा आहे तोवर खालचे दबून राहतात. खुडला की फुटतात."

"मग आजच खुडतो."

"तसं करता येणार नाही. अर्ज दिल्यापासून तुम्ही लाभार्थी झालात. शेंडा खुडण्याचा अधिकार वरच्या कार्यालयाला."

बाहेर चंदर नावाच्या कारकुनानं समजावलं, "आमच्यातही तसंच आहे, काका. साहेब दौऱ्यावर गेले की खालच्या टेबलांना पालवी फुटते."

मंजुरी श्रावणात आली. तोवर शेंडा देवरामच्या गच्चीवर पोचला होता, आणि मंजुरी माझ्या हद्दीतल्या शेंड्याची होती. माझ्या हद्दीत शेंडा आढळला नाही, असा पंचनामा झाला. मग शेंड्याऐवजी वाढ रोखणारं औषध फवारायचं ठरलं. फवारल्यावर वेल जागच्या जागी थांबली. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'वाढ पूर्ण नियंत्रणात.'

मी म्हणालो, "साहेब, मला घड पाहिजे होता."

"त्यासाठी ताण द्यावा लागतो. पाणी तोडलं की मुळं पानांना निरोप धाडतात. पानं आपली बारीक तोंडं मिटून घेतात. वेलीला वाटतं आपलं आता खरं नाही, मग ती फळाचं बघते."

मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात फिटर. माझ्या नळाला मीच सील ठोकलं, आंघोळीला देवरामकडे जाऊ लागलो आणि भांड्यांपुरतं पाणी त्याच्याकडूनच आणू लागलो. मी चोरून बादलीनं पाणी घालीन म्हणून कार्यालयानं लहानू नावाचा पहारेकरी दारात बसवला. कुसाबाई भांडी विसळलेलं पाणी रोज वेलीला घालायची. मी ते लहानूच्या देखत मोरीत ओतायचो. तो चांगला माणूस होता. ओतताना दुसरीकडे बघायचा.

भाद्रपदात पाऊस पडला. पावसाला मंजुरी नव्हती, म्हणून वेलीवर ताडपत्री टाकली. खाली ऊन जाईना. पानं पिवळी पडली. चंदर म्हणाला, "रंग बदलला म्हणजे योजना लागू पडली."

दसऱ्यानंतर छाटणी झाली आणि खरंच घड धरला. एकच. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे. मी लेकीला निरोप धाडला, आईचा घड आलाय. त्यानंतर वेलीला कुणी हात लावला नसता तरी चाललं असतं. पण मणी फुगवायचं औषध मंजूर होऊन आलं होतं, आणि ते एकरी होतं.

"एका घडाला एकराचं औषध?" मी विचारलं.

"उरलं तर परत पाठवावं लागेल," चंदर म्हणाला, "आणि परत घ्यायची पद्धत नाही."

म्हणून तो घड रोज औषधात बुडवला. मणी आवळ्याएवढे झाले, मग लिंबाएवढे. मांडवाचा बांबू वाकला. साहेब फोटोग्राफर घेऊन आले.

वर्षश्राद्धाच्या सकाळी कार्यालयाची जीप आली आणि घड कापून प्रदर्शनाला घेऊन गेली. मी सायकलवर मागोमाग गेलो.

"साहेब, तो पानावर ठेवायचाय. कावळ्याला तसं सांगितलंय."

"कावळा उपद्रवी पक्ष्यांत येतो, मल्हारराव. शासकीय नमुना त्याला कसा देऊ?"

"एक मणी द्या."

"मणी तोडला की नमुना खंडित होतो." मग त्यांना माझी दया आली. "प्रदर्शनाला या ना घरच्यांना घेऊन. तिकीट नाही."

घरी पान भिंतीवर ठेवलेलं होतं. भात, वडे, खीर. कावळे आले, ओळीनं बसले, पानाकडे बघू लागले. शिवेनात. कुसाबाईची धाकटी बहीण भागुबाई हात जोडून म्हणाली, "आक्का, आता काय राहिलं गं तुझं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वचन एकदा देऊन झालं होतं.

दुपार कलली. आतून आमटीचा वास येत होता. देवराम म्हणाला, "गुरुजी, माझी सेकंड शिफ्ट आहे. काहीतरी मार्ग काढा."

"मार्ग आहे," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करतात. शास्त्रात सोय आहे."

त्यांनी दर्भाच्या दोन काड्यांना गाठ मारली, टोकाला चोच काढली आणि ती पानाला टेकवली. खरे कावळे समोर बसलेले होते. ते बघत होते.

"शिवला," गुरुजी म्हणाले.

"शिवला, शिवला," म्हणत सगळे हात धुवायला गेले.

तुम्ही एवढा वेळ त्या कार्यालयाला हसत असाल. हसा. पण त्यांना वर्ष लागलं, आणि त्यांनी एक घड तरी आणून दाखवला. आपण दोन काड्यांत भागवलं. पंगतीत तुम्हीही होतात. खीर दुसऱ्यांदा मागून घेतलीत आणि म्हणालात, "बाई तृप्त होऊन गेली." पातेलं माझ्याच हातात होतं.