टेकडीपलीकडचा चष्मा

आमच्या टेकडी सायकल मंडळाबद्दल सध्या गावात बरंच बोललं जातंय. मंडळामुळे एका म्हाताऱ्या बाईंना कित्येक महिने चष्म्याशिवाय काढावे लागले, असा त्या बोलण्याचा रोख आहे. मंडळाचा सचिव या नात्याने खुलासा करणं मला भाग आहे. चष्मा पहिल्या दिवसापासून तयार होता. नुसता तयार नव्हता, तो रोज सकाळी त्यांच्याकडे जायला निघतही होता.

प्रकरण साधं आहे. आमच्या एका सभासदांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. त्यांची आई टेकडीच्या पलीकडे एकटी राहते. रस्त्याने जायचं तर टेकडीला वळसा पडतो, बस बदलावी लागते आणि दिवस मोडतो. टेकडीवरून मात्र पायवाट आहे. सायकलने गेलं तर दुकान उघडायच्या आत जाऊन येता येईल, दर आठवड्याला आईची गाठ पडेल, या विचाराने चष्मेवाल्यांनी डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेतली. त्याच सुमाराला आईंचा जुना चष्मा त्यांच्याच पायाखाली आला. चष्मेवाल्यांनी रातोरात नवा केला, डबीत घातला, डबी सायकलच्या दांड्याखालच्या पिशवीत ठेवली आणि रविवारी सकाळी ते निघाले.

टेकडीच्या पायथ्याशी आमचं मंडळ उभं होतं. ते तिथे दर रविवारी उभं असतं.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दात तपासायचा छोटा आरसा त्यांच्या खिशात कायम असतो. तो त्यांनी चष्मेवाल्यांच्या मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांमध्ये घातला, बराच वेळ फिरवला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "चेनला तेल कुठलं घातलंय?"

"दुकानदाराने घालून दिलं ते."

"कोरड्या हवेचं की दमट हवेचं?"

"तेल आहे, साहेब. चेन फिरतेय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी तर हेल्मेट काढून हातात घेतलं.

"वर कुणी आहे का तुमचं?" अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं.

"पलीकडे आई आहे."

"मग त्यांचा तरी विचार करा," अध्यक्ष म्हणाले. चष्मेवाले त्या दिवशी सायकल हातात धरून घरी परतले आणि संध्याकाळी मंडळाचे सभासद झाले.

मंडळाच्या कामाची पद्धत इथे सांगायला हवी. दर रविवारी आम्ही पायथ्याशी जमतो. प्रत्येक जण आपल्या सायकलचं मागचं चाक उचलून फिरवतो आणि बाकीचे डोळे मिटून त्याची टिकटिक ऐकतात. टिकटिकीत खोट निघाली तर चर्चा होते. खोट निघाली नाही तर ती का निघाली नाही यावर चर्चा होते. मग सायकली धुतल्या जातात, पुसल्या जातात, सांध्यासांध्यात तेलाचे थेंब सोडले जातात. इतक्या निगुतीने धुतलेली सायकल लगेच मातीत घालणं कुणाच्याही जिवावर येईल, म्हणून आम्ही घरी जातो. स्थापनेपासून आजतागायत टेकडीवर मंडळाच्या एकाही सभासदाला साधं खरचटलेलं नाही. हा लौकिक टिकवायला किती कष्ट पडतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते.

चष्मेवाले मनापासून तयारीला लागले. आधी त्यांनी पुढचे दणके झेलणारा दांडा बदलला. तो इतका उत्तम निघाला की त्याच्याशेजारी ब्रेक लाजिरवाणे दिसू लागले. ब्रेक बदलले, तेव्हा असले ब्रेक असल्या चाकांना लावणं बरं नव्हे असं ठरलं. चाकं हलकी झाली, बैठक हलकी झाली, पेडल हलकी झाली. शेवटी अध्यक्षांनी सायकल एका बोटावर तोलून पाहिली आणि जाहीर केलं की आता या सगळ्यात जड भाग एकच उरला आहे, तो म्हणजे चष्मेवाले.

अशा रीतीने घरातल्या सरावाचा टप्पा आला. मंडळाच्या नियमाप्रमाणे सभासदाला टेकडी आधी घरात चढून दाखवावी लागते. त्यासाठी एक यंत्र मिळतं. सायकलचं मागचं चाक त्याच्यावर चढवलं की सायकल जागची हलत नाही आणि माणूस हवा तेवढा दमतो. चष्मेवाल्यांनी ते बैठकीच्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधे बसवलं. जाड टायर त्या यंत्रावर फार आवाज करतो, खालचे शेजारी वर येतात, म्हणून मागे गुळगुळीत टायर लावावा लागला. गुळगुळीत टायरची सायकल टेकडीवर न्यायला मंडळाची सक्त मनाई आहे. यावर चष्मेवाल्यांनी एकदा शंका काढली होती. अध्यक्ष म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बघावी माणसाने." ते सगळ्यांना पटलं.

चष्म्याची डबी पिशवीतच राहिली. चष्मेवाल्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे समजेना.

"ती डबी द्या इकडे. मी बसने जाते आणि देऊन येते," त्या एकदा आमच्यादेखत म्हणाल्या.

"अगं, डबी धरून सगळं वजन बसवलंय. ती काढली की पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"मग दुकानात काचा आहेत, दुसरा करा."

"दुसरा पोचला तर मी हा कशाला नेऊ?"

वहिनी आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आईंचा फोन यायचा तो चष्मेवाले सायकलवर असतानाच, कारण ते सायकलवर नसतात अशी वेळ फारशी उरली नव्हती. फोन समोर टांगलेला असल्यामुळे तो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येई.

"काय रे, येतोयस ना?"

"निघालोच आहे, आई."

"धापा का टाकतोयस?"

"चढ आहे."

"बरं बरं, बोलू नकोस मग. जपून ये." एकदा मात्र त्या पुढे म्हणाल्या, "घाई नाही रे. औषधाच्या बाटल्या तेवढ्या ओळखू येत नाहीत. दोन्ही सारख्याच आहेत. मी दोन्हीतलं निम्मं निम्मं घेते, कुठलं तरी लागू पडेल."

फोन बंद झाला. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दात आवळले आणि गियर एकाने वाढवला. आईसाठी माणूस जागच्या जागी यापेक्षा जास्त काय करू शकतो?

त्या वेळी आई फोन ठेवून अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे आम्हाला पुढे कळलं. कारण नेमकं तेव्हाच मंडळाने टेकडीच्या वाटेचं चित्रीकरण चालवलं होतं. सभासदांना यंत्रावर चढताना समोरच्या पडद्यावर खरी वाट दिसावी, असा ठराव होता. वाटेवर जायला सज्ज असा एकही सभासद नसल्यामुळे उडता कॅमेरा भाड्याने आणला. पायथ्यापासून माथा, माथ्यावरून पलीकडचा उतार, शेवटचं वळण, आणि चष्मेवाल्यांच्या आग्रहावरून त्यांच्या आईच्या घरापर्यंत. चित्र सुंदर आलं. शेवटी अंगण दिसतं, अंगणात डोळ्यांवर आडवा हात धरून एक बाई टेकडीकडे बघत उभी दिसते, आणि पडद्यावर 'अभिनंदन' अशी अक्षरं उमटतात.

तेव्हापासून चष्मेवाले रोज दुकान उघडण्याआधी आईकडे जाऊन येऊ लागले.

परीक्षेचा दिवस ठरला. नियम असा की पूर्ण वाट एका दमात काढायची आणि मधे पाय जमिनीला लागला तर पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. परीक्षक म्हणून अध्यक्ष सोफ्यावर बसले, साक्षीदार म्हणून मी खुर्चीवर. चष्मेवाल्यांनी नवे बूट घातले, पिशवीत डबी आहे हे हात लावून बघितलं आणि निघाले. माथा त्यांनी उत्तम गाठला. उतार सुरू झाला आणि दाराची घंटा वाजली.

वहिनींनी दार उघडलं. बाहेर आई. हातात काठी, कपड्यांना गुडघ्यापर्यंत कुसळं, आणि एका कोपराला खरचटलेलं.

"अगंबाई, आई! कशा आलात तुम्ही?"

"टेकडीवरून," आई म्हणाल्या. "हा रोज निघालो म्हणतो आणि पोचत नाही. म्हटलं वाटेत कुठे पडला-बिडला असेल, बघत बघत यावं."

अध्यक्ष सोफ्यावरून अर्धवट उठले. "आजी, पायात काय घालून आलात?"

"चपला."

"त्याच? आणि पूर्वतयारी?"

"दाराला कुलूप लावलं."

अध्यक्ष पुन्हा बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आई, बस. आलोच मी," चष्मेवाले पेडल मारत म्हणाले. "आत्ता उतरता येत नाही."

आई आवाजाच्या दिशेने पुढे झाल्या, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो घामाने ओला झाला म्हणून आपल्याच कपड्याला पुसला. "कुठे निघालायस?"

"तुझ्याकडे."

"चष्मा झाला का रे?"

"हा काय, पिशवीत. घेऊनच निघालोय."

आईंनी चाचपडत पिशवीत हात घातला. डबी ठिकाणावर पोचल्यावरच काढायची असते आणि चालत्या सायकलवरचं सामान कुणी काढू नये असाही नियम आहे. पण सायकल चालत नसल्यामुळे हरकत घेणं मला जड गेलं. आईंनी चष्मा लावला. आधी मुलाकडे बघितलं.

"बारीक झालास," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या आरशाकडे बघितलं आणि शेवटी पडद्याकडे. पडद्यावर शेवटचं वळण आलं होतं. घर दिसलं, अंगण दिसलं.

"ही कोण उभी आहे?"

"तूच, आई. चित्र घेतलं तेव्हा तू अंगणात होतीस."

"कधी?"

"मी निघालोच आहे म्हणालो होतो, तेव्हा."

आई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "आणि तू पोचलास की काय होतं?"

"संपतं ते. तिथेच संपतं."

त्या थोडा वेळ त्या बाईकडे बघत राहिल्या. "तिला आत जा म्हणावं," त्या म्हणाल्या. "ऊन आहे."

पडद्यावर अभिनंदन उमटलं. चष्मेवाले उत्तीर्ण झाले होते. मी आणि अध्यक्षांनी नियमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी लाज वाटली, पण इतिवृत्तात लाज कुठल्या विषयाखाली घ्यायची हे ठरलेलं नाही.

आईंनी पाणी घेतलं, थोडा वेळ टेकल्या आणि काठी उचलली. "उजेड आहे तोवर निघते."

"थांब आई, मी सोडायला येतो," चष्मेवाले सायकलवरून उतरत म्हणाले. आता त्यांना परवानगी होती. मग त्यांची नजर मागच्या चाकाकडे गेली. टायर गुळगुळीत होता. जाड टायर चढवायचा, मग रविवारी टिकटिक ऐकवायची, मग धुणं. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी मागोमाग येतोच."

"अहो, मग चालत जा ना बरोबर," वहिनी म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. त्या बुटांचे तळवे पेडलमध्ये अडकवायचे असतात, त्यांनी चालता येत नाही. त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले की चालण्याचा सराव हा वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळं मंडळ लागेल.

वहिनींनी चपला घातल्या आणि आईंचा हात धरून त्या निघाल्या. त्या अजून परतलेल्या नाहीत. आईंच्या औषधाच्या बाटल्या आता त्या बघतात, असं कळतं.

त्यानंतर मंडळाने वाटेचं चित्रीकरण नव्याने केलं. त्यात शेवटी अंगण रिकामं दिसतं. आईंना आता चष्म्यामुळे माथ्यापर्यंतची सगळी वाट स्पष्ट दिसते, त्यामुळे त्या अंगणात उभ्या राहत नाहीत. चष्मेवाल्यांनी अर्ज करून जुनंच चित्र मागून घेतलं आहे. ते रोज पोचतात.

एवढा खुलासा पुरे व्हावा. तरीही कुणाला आम्हाला हसावंसं वाटत असेल, तर त्यांना कळवण्यात येतं की मंडळाची दारं सगळ्यांना उघडी आहेत आणि सायकलची अट आम्ही केव्हाच काढून टाकली आहे. तुमच्यासाठी कुणी तरी कुठे तरी डोळ्यांवर आडवा हात धरून उभं असेल, आणि सवड मिळाली की एकदा जाऊन यायचं हे तुम्ही मनाशी पक्कं ठरवलेलं असेल, तर अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव आमच्याकडे आधीपासूनच आहे.