कोऱ्या तेलाचा रिपोर्ट

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, तोही हिंदी शाळेतून आलेला; मराठीत लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. पण देवासच्या आमच्या कॉलनीतल्या मधूकाकांवर दुसरं कुणी लिहीत नाहीये.

लोक गाडीचं वापरलेलं तेल तपासून घेतात. मधूकाका नवं तपासतात. सिंथेटिक इंजिन ऑइलचा डबा आणला की त्यातलं थोडं बाटलीत भरून इंदूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रिपोर्ट येईपर्यंत स्कूटर उभी. काका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले. प्रयोगशाळा काही काकांमधून रिटायर झाली नाही.

एकदा रिपोर्ट गॅरेजवाल्या राजूच्या हाती लागला. त्यात सिलिकॉन दिसलं, म्हणजे वाळू-मातीत असतं ते.

"काकासाब, इसमें तो मिट्टी है! डब्बा वापस करो."

"डबा अजून फोडलाय कुठे नीट? मिट्टी कहाँ से आएगी, भिया?" काका खूश. असंच गिऱ्हाईक त्यांना हवं असतं. "फेस येऊ नये म्हणून कंपनीच घालते ते. हा तेलाचा स्वभाव. वापरल्यावर यापेक्षा जास्त निघालं, तर ती धूळ. कोरं कसं होतं तेच माहीत नसेल, तर बिघडलं किती हे कळणार कसं?"

'स्वभाव की झीज?' एवढा एक प्रश्न घेऊन काका कॉलनीभर हिंडायचे. नळाला पाणी कमी येतं: झीज. सेक्रेटरी मीटिंगला उशिरा येतो: स्वभाव. मी केमिस्ट्री घेतल्यावर मलाही रिपोर्ट वाचायला बसवलं. मी चाचरत कॅल्शियम, झिंक वाचलं. "चाचरणं स्वभाव आहे," काकांनी निकाल दिला, "चालेल."

काकू यात कधी पडायच्या नाहीत. चहा ठेवायच्या, हसायच्या, आत जायच्या. आम्हाला त्या अशाच माहीत. दिवाळीला पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, आई मुळातच कमी बोलते. स्वभाव आहे तिचा."

काका असे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "स्वभाव? तिचा कोरा रिपोर्ट तू पाहिलायस? मी पाहिलाय. लग्नानंतर मांडूला गेलो, तर गाईडला एक वाक्य पुरं करू दिलं नाही हिनं!" मग आवाज खाली आला. "ही झीज आहे रे. कशाची, ते मला कळत नाहीये."

काकू समोरच उभ्या होत्या. हसल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

त्यानंतर काका त्यांना घेऊन इंदूरच्या दवाखान्यांच्या चकरा मारू लागले. मी धारला कॉलेजात परत आलो. फोन केला की काका एवढंच म्हणायचे, "रिपोर्ट बाकी आहे." तेलाचं नावही काढायचे नाहीत. मला काळजी त्याचीच वाटायची.

परवा त्यांचा फोन आला. काकूंना कधीपासून नीट ऐकूच येत नव्हतं. भलतंच उत्तर गेलं तर हसं होईल, म्हणून त्या गप्प राहायला शिकल्या होत्या. आता कानाला मशीन लावलं आहे.

"मग? काय म्हणाल्या काकू?"

"बसस्टँडवरून स्कूटरवर आणलं, तर घर येईपर्यंत बोलतेय," काका सांगत होते. "म्हणते, अहो, केवढा आवाज करते ही! ऑइलबिइल बघता की नाही कधी? मी म्हटलं, अगं, तेलाचा तर रिपोर्ट..."

वाक्य पुरं झालं नाही. फोन काकूंनी घेतला होता.