रामटेके काका आणि कोपऱ्यातला पाइप

रामटेके काका कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात. यजमान हात जोडून उभा, यजमानीण "या, या" म्हणतेय, आणि काका दारातच मान मागे टाकून वर बघत उभे. मग नजर खाली फरशीवर, तिथून भिंतीच्या कडेकडेनं थेट बेसमेंटच्या दारापर्यंत. आणि मग पहिलं वाक्य: "घर कोणत्या सालचं?"

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, "काका, अगदी नवं आहे. दोन वर्षं झाली." काकांचा चेहरा पडला. "मग काय बघायचं!" म्हणून ते सोफ्यावर बसले आणि चहा होईपर्यंत घराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जुन्या घरात मात्र त्यांची कळी खुलते. कुलकर्ण्यांनी हौसेनं घेतलेल्या जुन्या घराचं छत त्यांनी असं काही निरखलं, की कुलकर्णीवहिनींनी भर पंगतीत ताटावर ताट झाकलं.

काका ॲस्बेस्टॉस इन्स्पेक्टर. हे बारीक तंतूंचं खनिज एके काळी अमेरिकेत छतात, फरशीत, पाइपांच्या आवरणात सर्रास घालत असत. पुढे कळलं, की त्याची धूळ फुप्फुसात गेली तर माणूस वीस-तीस वर्षांनी त्याची किंमत मोजतो. काका नागपूरहून सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला शिकागोला आले, आणि जुन्या शाळांच्या बॉयलरखोल्यांमध्ये रांगत जाऊन हे खनिज शोधण्यात त्यांचा जन्म गेला.

या धंद्यानं त्यांना जगाकडे बघायची एक दृष्टी दिली. ॲस्बेस्टॉस दोन प्रकारचं असतं. एक हातानं दाबलं तर चुरा होतो, ते फ्रायेबल. दुसरं घट्ट असतं, ते नॉन-फ्रायेबल. काका माणसांचीही हीच वर्गवारी करतात. "तुमचे कुलकर्णी? नॉन-फ्रायेबल. हातोडा मारला तरी काही होत नाही. पण तो जोशी! वरून पेंट मस्त आहे, आतून पुरा फ्रायेबल. त्याला छेडू नका." हे 'छेडू नका' त्यांचं पालुपद. जे जागच्या जागी शाबूत आहे त्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो ते ॲस्बेस्टॉसला, माणसांना आणि आमच्या मराठी मंडळाच्या घटनेला सारखाच लावतात.

दाढीवाल्यांवर त्यांचा विश्वास नाही. कारण धार्मिक नाही, राजकीय नाही. दाढी असली की तोंडावर मास्क घट्ट बसत नाही. कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि फोटो काकांच्या हातात पडला, की ते चष्मा वर करून म्हणणार, "मुलगा चांगला आहे, पण सील बसणार नाही."

मास्कची परीक्षा दर वर्षी होते. मास्क चढवून उभं करतात आणि आजूबाजूला केळ्याच्या वासाची वाफ सोडतात. वास आला तर मास्क गळका. त्यामुळे काकांचं शिकरण कायमचं सुटलं. एकदा मी आग्रहानं वाटी पुढे केली, तर त्यांनी दचकून दोन्ही हात गालांवर दाबले. "सॉरी बेटा, केळ्याचा वास आला की वाटतं, गेलो!"

या परीक्षेत मास्कच्या आत मोठ्यानं बोलत राहावं लागतं. बाकीचे समोर धरलेला इंग्रजी उतारा वाचतात. काका एकोणतिसाचा पाढा म्हणतात. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." परीक्षक पहिल्या वर्षी घाबरला होता म्हणे. आता तो स्वतःहूनच विचारतो, "मिस्टर रामटेके, ट्वेंटी-नाइन्स?"

पण काकांचं खरं दैवत म्हणजे त्यांचं लायसन्स. बघणाऱ्याचा कोर्स वेगळा, काढणाऱ्याचा वेगळा, काढणाऱ्यांच्या मुकादमाचा आणखी वेगळा. प्रत्येकाची परीक्षा, आणि दर वर्षी पुन्हा वर्गात बसून रिफ्रेशर. काका तिथं पहिल्या बाकावर बसतात. शिकवणारा मुलगा त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा असतो, तरी ते हात वर करून प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा उत्तरही तेच देतात.

आमची त्यांच्याशी खरी गाठ पडली ती दोन हजार पाचच्या सुमाराला. मी आमच्या उपनगरात रविवारची मराठी शाळा चालवते. मुलं वाढली, घरचं बेसमेंट पुरेना, तेव्हा एका जुन्या चर्चनं आपलं तळघर द्यायचं कबूल केलं. खोली मोठी आणि छान, फक्त फरशी जुनाट आणि फुटकी. जागा बघायला काकांनाही नेलं होतं. ते मान खाली घालून गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "इथं पोरं बसणार नाहीत."

"त्यात काय, काका!" कुलकर्णी म्हणाले. "शनिवारी आम्ही चार बाप मिळून उखडून टाकतो. पिझ्झा मागवू, मजा येईल."

"हात लावू नका!" काका असे गरजले की चर्चचा व्यवस्थापक धावत आला.

"बरं, मग तुम्हीच काढून द्या. तुमच्याकडे लायसन्स आहे ना?"

"माझं बघायचं आहे, काढायचं नाही. डोळ्यांचा डॉक्टर दाढ काढतो का? आणि तुम्ही काहून बाकीच्यांच्या पोरांच्या फुप्फुसाशी खेळून राहिले?"

मग नमुने लॅबमध्ये गेले, खरोखरच ॲस्बेस्टॉस निघालं, चर्चनं लायसन्सवाली माणसं आणली, प्लास्टिकचे पडदे लागले, हवा तपासली गेली. शाळा सप्टेंबरऐवजी थंडीत सुरू झाली. या काळात मंडळात काकांचा जो उद्धार झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. लोकांनी त्यांना दिवाळीच्या फराळालाही बोलवायचं टाळलं. काका एकदाच मला म्हणाले, "आपल्या धंद्यात असंच असते, नीता. मी आत गेलो की लोक बाहेर जातात." आणि हसले. मीही हसले. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगा दूर पश्चिमेला रेडमंडला आहे, तो फोनवर तिकडच्या पावसाची बातमी देतो आणि ठेवतो, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी हसले, कारण त्यांनी ते विनोदासारखं सांगितलं होतं.

शाळेच्या पहिल्याच रविवारी काका हजर. कोपऱ्यात छतालगत एक पांढऱ्या वेष्टनातला पाइप होता. त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाकी सगळं क्लिअर आहे. हा मात्र संशयित. शाबूत आहे तोवर भीती नाही. पण नजर ठेवावी लागेल. दर रविवारी."

तेव्हापासून काका दर रविवारी येऊ लागले. शिडी लावायची, टॉर्च मारायचा, "हं" म्हणायचं, आणि उतरून मागच्या खुर्चीवर बसायचं. तपासणी काही क्षणांची, बसणं पूर्ण दोन तास. हळूहळू मुलांनी त्यांना ताब्यात घेतलं. चिवडा आधी त्यांच्या हातावर पडू लागला. मुलं विचारत, "काका, इज द पाइप ओके?" काका गंभीरपणे सांगत, "तब्येत नाजूक आहे. नेक्स्ट संडे पुन्हा बघू." एकदा त्यांनी एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवला. 'एकोणतीस चोक सोळोदरसे' ऐकून वर्ग वेडा झाला. "व्हॉट इज सोळोदरसे?" "एकशे सोळा. माझ्या गुरुजींच्या काळातलं." दुसऱ्या दिवशी अमेरिकन शाळेत आमच्या वर्गातल्या अन्वयनं गणिताच्या उत्तरात सोळोदरसे असं सांगितल्याचं त्याच्या आईनं मला फोन करून कळवलं.

दोन-अडीच वर्षं हे असं चाललं. मग एका फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं, रिफ्रेशरचा वर्ग कॅन्सल झाला, पुढचा वर्ग महिनाअखेरीला, आणि तोवर काकांचं लायसन्स संपलं.

त्या रविवारी त्यांची गाडी पार्किंगमध्ये दिसली, पण काका आत येईनात. मी बाहेर गेले. ते हीटर लावून गाडीत बसले होते.

"आत चला ना, काका."

"लायसन्स काल संपलं."

"मग नका तपासू. नुसते बसा."

"आत आलो की नजर वर जाणार. नजर गेली की इन्स्पेक्शन झालं. बिनालायसन्सचं!" ते म्हणाले आणि हळूच पुढे बोलले, "आणि तपासायचं नाही, तर मी तिथं कोणत्या कामाचा?"

मी चर्चच्या ऑफिसात पाइपची काळजी सांगितली. पुढच्या रविवारी त्यांनी शाळा भरायच्या आत एक लायसन्सवाला तरुण इन्स्पेक्टर पाठवला. आमचे काका हा पाइप दर रविवारी तपासतात, असं मी त्याला सांगितलं. तो शिडीवर चढला, वेष्टनाच्या सुट्या टोकात टॉर्च मारला, आणि हसतच उतरला. "मॅडम, हे साधं पिवळं फायबरग्लास आहे. यात तपासण्यासारखं काही नाही. आमच्या कोर्सच्या पहिल्या दिवशी दाखवतात. तुमच्या माणसाला हे न कळणं शक्यच नाही."

मी त्या पाइपकडे बघत राहिले. ज्या माणसानं चार बापांना एका फरशीला हात लावू दिला नाही, तो दोन-अडीच वर्षं दर रविवारी शिडीवर चढून हे बघत होता. मला मंडळींचा राग आला. थोडा माझाही आला.

खिडकीतून बाहेर बघितलं, तर त्यांची गाडी होतीच. मी जाऊन काच ठोठावली. पाइपबद्दल बोलणं ओठांवर आलं होतं. पण काकांनी काच खाली केली आणि माझ्याकडे बघितलं मात्र, मला त्यांचाच पहिला नियम आठवला. छेडू नका.

"काका, एक अडचण आहे," मी म्हटलं. "मुलांचे पाढे दहाच्या पुढे सरकत नाहीत. तुम्ही शिकवाल का? दर रविवारी."

काकांनी चष्मा वर केला.

"त्याला लायसन्स लागते?"

"नाही."

"कोर्स? परीक्षा?"

"मुलांनी कधीच घेतली. पास आहात."

त्यांनी हीटर बंद केला, टोपी सारखी केली आणि गाडीतून उतरले. दारापाशी आल्यावर मात्र थांबले. "आणि पाइप?"

"आहे तसाच आहे. शाबूत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मघाशी तो तरुण इन्स्पेक्टर पाइपकडे बघत होता तसं. मग मान हलवली. आतून मुलांचा गलका आला, "काका आले! काका इज हिअर!"

"नीता," काका जिना उतरताना म्हणाले, "याचं रिफ्रेशर कधी असते?"

"दर रविवारी, काका. चुकवायचं नाही."

ते आत गेले. कोणीही बाहेर आलं नाही.