लेतूकाकांची वाकडनखी

चहाचा कप तोंडाला लावावा आणि शेजारच्या लेतूकाकांनी अस्वलाची विष्ठा तळहातावर घेऊन दारात उभं राहावं, ही झरी जामणीतली माझी नेहमीची सकाळ. "पाहा मास्तर, बोराच्या बिया अन् वाळवी. पोट बरं आहे तिचं!" मग माझ्या बायकोच्या धाकानं हात धुऊन ते चहाला बसतात.

काका जंगलखात्यातले निवृत्त मजूर. अस्वल दिसलं असं कोणी सांगत आलं, की यांचा ठरलेला प्रश्न, "डोळ्याचं सोड, मातीत काय दिसलं?" मागचं पाऊल माणसासारखं, पुढच्याला लांब नखं. पैनगंगेपासून आमच्या टेकडीपर्यंत आता बोटांवर मोजण्याइतकी अस्वलं उरली आहेत. त्यातली काकांची लाडकी वाकडनखी. तिच्या डाव्या पंजाचं एक नख बाहेर वळलेलं आहे.

मोहफुलं वेचताना टेकडीखालचं शेवटचं झाड तिच्यासाठी सोडायचं, ही काकूंची रीत. काकू गेल्या, पण काका ती पाळतात. रोज संध्याकाळी झाडाखालची माती हातानं सपाट करायची आणि सकाळी पाऊल शोधायचं.

यंदा मला शहाणपण सुचलं. फुलं पडण्याआधी सगळे झाडाखालचा पाला जाळतात, तसा मी त्या झाडाखालचाही जाळला. म्हटलं, माती सपाट करण्याआधी पाला झाडायचे म्हाताऱ्याचे कष्ट वाचतील. फुलांचा सडा पडला, पण वाकडनखी फिरकली नाही. धूर नाकात गेला की ती वाट बदलते, हे काकांनीच कधीतरी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. काका रिकाम्या हातानं येऊन चहा पीत. "मेली असंल. म्हातारी झालती," एवढंच बोलले. मला चहा कडू लागायचा.

नवव्या दिवशी मात्र दारातूनच हाक आली, "मास्तर, चला!"

मोहाखाली डावा पंजा उमटला होता, वाकड्या नखासकट. माझा जीव भांड्यात पडला. काका बोटानं पावलाची खोली मोजत होते. "ओझं आहे. पाठीवर पिल्लं घेऊन आलती पोरगी!"

म्हातारीची एका क्षणात पोरगी झाली होती. मला राहवेना. "काका, पाला मीच जाळला होता."

"मालूम होतं मले. राखेत तुमच्या चपलेची खूण होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तं तुमी तोंड लपवत फिरले असते. तुमची काकू गेल्यावर मले जायले दोनच जागा राह्यल्या मास्तर. एक हे झाड, एक तुमचं घर."

मग त्यांनी झुडपाजवळून ताजी विष्ठा उचलली. मी आपणहून तळहात पुढे केला.